वाय दाबण्यास मंजुरी मिळणेबाबत

पुणे, १२ ऑक्टोबर १९८९

ती. काका आणि काकू यांना नीलाचा नमस्कार.

काकू, दसऱ्याला सोनं द्यायला आले नाही म्हणून रागावू नकोस. रजा मागायची सोयच नाही. माझ्या कच्च्या नोकरीचे सहा महिने पंधरा डिसेंबरला संपतात. तोवर एक मोठी चूक झाली तरी विश्वनाथ सर, म्हणजे आमच्या छोट्याशा कंपनीचे मालक, मला घरी पाठवतील. घरी म्हणजे कुठे ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबांनी अचलपूरच्या त्या स्थळाला डिसेंबरपर्यंत थांबवून धरलंय. काका, काटोलच्या घरी तुम्ही बाबांपुढे बसून म्हणालात, "भाऊ, सहा महिने पोरीले दे. नाही जमलं तं मी सोता तिले आणून सोडतो." तुमचा तो शब्द रोज सकाळी आठवते आणि ऑफिसात दहा मिनिटं आधी पोचते.

आता कामाचं. मी जूनमध्ये नोकरीला लागले आणि त्याच महिन्यात तुम्ही निवृत्त झालात. तेव्हापासून तुम्ही स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक घालायला घेतलेत असं काकूनं कळवलंय. तूरडाळ आता 'क/७' झाली म्हणे, आणि शेजारच्या यमुताई साखर मागायला आल्या तर तुम्ही त्यांच्याकडून मागणीपत्र लिहून घेतलंत. यावर उपाय म्हणून एक जुना कॉम्प्युटर पाठवते आहे. याला मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर म्हणतात. वजन साडेपाच किलो आहे, तेव्हा मांडीवर ठेवू नका. त्याच्या आतली डिस्क, म्हणजे जिथे सगळं साठवतात ती, बिघडली म्हणून सरांनी तो मला देऊन टाकला. कपाटातली एक रिकामी डिस्कही घे म्हणाले. ती वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत ठेवली आहे. डिस्क बदलण्याचं काम देवाजी रेडिओवाले करतील.

मग तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिम घालायची. ती म्हणजे काय, तर कचेरीत सकाळी सगळ्यांच्या आधी चपराशी येतो, कुलूप काढतो, टेबलं पुसतो, मगच साहेबांचं काम सुरू होतं ना, तो चपराशी. एक नंबरची फ्लॉपी, म्हणजे सोबतची चौकोनी चकती, आत सरकवायची, मग बटण दाबायचं, मग सोबतच्या चिठ्ठीवरचे शब्द जसेच्या तसे टाइप करायचे. मशीन एक प्रश्न विचारेल. वाय दाबून हो म्हणायचं. एका दुपारचं काम आहे.

तुमची,
नीला

⁂

धरमपेठ, नागपूर
दि. २१ ऑक्टोबर १९८९

चि. नीला हीस आशीर्वाद.

तुझे दि. १२ चे पत्र दि. १६ रोजी व पार्सल काल दि. २० रोजी मिळाले. पार्सल शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात येऊन पडले होते. तिथला कारकून म्हणाला, सही करा अन् घेऊन जा. मी म्हणालो, आधी उघड, मोजू, मग सही. माझ्या मागे ट्रकवाल्यांची रांग लागली. पाऊण तास गेला, पण सामान बरोबर निघाले. कॉम्प्युटर एक, वायर एक, चकत्या चार, डिस्क एक, चिठ्ठी एक.

देवाजीने डिस्क बदलून दिली. बिघडलेली डिस्क तो भंगारात टाकत होता, ती मी काढून घेऊन कपाटात ठेवली. काम झाल्यावर बशीत एक स्क्रू उरला. देवाजी म्हणतो, असा एक उरतच असते. मी तो पाकिटात घालून पाकिटावर तारीख टाकली आहे.

चपराशाचा दाखला मला पटला नाही. कोणता कागद कोणत्या फळीवर आहे हे ज्याला एकट्याला ठाऊक असते आणि ज्याच्यावाचून साहेबाचे पान हलत नाही, तो चपराशी नव्हे, रेकॉर्ड कीपर.

असो. चकती घातली, बटण दाबले, चिठ्ठीवरचे शब्द टाइप केले. तेव्हा यंत्राने इंग्रजीत इशारा दिला तो असा, की सावधान, या डिस्कवरील सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचे काय, वाय की एन. मी एन दाबले.

चौतीस वर्षे मी रेकॉर्ड रूम सांभाळली आहे. अभिलेख नष्ट करायचा तर आधी त्याची यादी होते, मग यादीवर साहेबांची मंजुरी, मग दोन पंच, मग आगपेटी. इथे नुसती आगपेटीच हातात दिली आहे. तरी काय काय नष्ट होणार त्याची यादी परतीच्या टपालाने पाठवावी. तोवर यंत्र बंद ठेवले आहे.

महादेवराव

ता.क. नीला वं, मी तुही काकू. हे मशीन आलं तसं माह्या पोळपाटाची जागा गेली. पण डब्यांकडे यांचं ध्यान नाही, म्हणून मी गप आहे. तू जे सांगशील ते लवकर सांगजो. सुभद्रा.

⁂

पुणे, २७ ऑक्टोबर १९८९

ती. काका,

यादी पाठवता येत नाही, कारण डिस्क रिकामी आहे. तिच्यावर काहीच नाही, म्हणून काहीच नष्ट होणार नाही. मशीनला डोकं नसतं. आत काय आहे हे न बघताच ते प्रत्येकाला तोच इशारा देतं. इथे आम्ही दिवसाला चार वेळा वाय दाबतो आणि चहा प्यायला जातो.

सरांनी परवा विचारलं, तुझ्या काकांचा कॉम्प्युटर सुरू झाला का. मी म्हटलं, तुळशीच्या लग्नापर्यंत होईल. तेव्हा माझी लाज राखा आणि वाय दाबा. काकूला सांगा, चिवडा पाठवलास तर जाड पोह्यांचा पाठव.

नीला

⁂

नागपूर, दि. ५ नोव्हेंबर १९८९

चि. नीला हीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर चार दिवस विचार केला. डिस्क रिकामी असेल तर 'सर्व नष्ट होईल' असे यंत्र कशाला म्हणते? कोरी वही रद्दीत टाकताना कोणी दवंडी पिटत नाही. तू म्हणतेस, यंत्र न बघता इशारा देते. न बघता इशारा देणारा नोकर एक वेळ चालतो. न बघता हो म्हणणारा चालत नाही.

दुसरी बाब. परवा मी चकती घालायला विसरलो आणि बटण दाबले. तरी यंत्र आपल्या मनाने सुरू झाले आणि पडद्यावर 'सी' हे अक्षर येऊन उभे राहिले. ज्या यंत्रात चपराशी नाही, त्याचे कुलूप कोणी काढले? खुलासा करावा.

दि. २ रोजी यमुताईंच्या घरी तुझा फोन आला, तेव्हा तू "दाबून टाका हो काका" असे तीन वेळा म्हणालीस. यमुताई, त्यांची सून आणि दूधवाला यांनीही तेच मत दिले. तोंडी आदेश ग्राह्य नाही हे मी तेव्हाच सांगितले आहे. ते इथे लेखी नोंदवतो.

महादेवराव

ता.क. फोन ठेवल्यावर यमुताई मले म्हणे, तुह्या नवऱ्याले एक बटण दाबता येत नाही काय. मले भारी लागलं. चिवडा पाठवून राहिले, जाड पोह्याचाच आहे. सुभद्रा.

⁂

पुणे, ११ नोव्हेंबर १९८९

ती. काका,

खुलासा असा की फ्लॉपी आत राहून गेली असणार. तुम्ही नवीन आहात, होतं असं.

सोबत तुम्हाला हवा तसा लेखी आदेश जोडला आहे: "श्री. महादेवराव यांना कळविण्यात येते की त्यांनी त्यांच्या ताब्यातील कॉम्प्युटरवर वाय हे बटण विनाविलंब दाबावे. नीला."

आता तरी पुरे करा. कामाच्या वेळात मी तुम्हाला पत्रं लिहीत बसते हे सरांच्या नजरेला आलंय आणि महिना उरलाय. खरं सांगू का काका, तुमची कचेरी जूनमध्येच संपली. मशीनला तुमच्या मंजुरीची गरज नाही. जमत नसेल तर डबा बंद करून माळ्यावर टाका, मी वाईट वाटून घेणार नाही.

नीला

⁂

नागपूर, दि. १७ नोव्हेंबर १९८९

प्रति, कु. नीला, पुणे.

विषय: डिस्कवरील माहिती नष्ट करण्यास मंजुरी मिळणेबाबत.

आपला दि. ११ चा आदेश प्राप्त झाला. तो पुढील त्रुटींसाठी परत पाठविण्यात येत आहे. आदेशावर जावक क्रमांक नाही. सहीखाली हुद्दा नाही. कोणती डिस्क, तिचे वर्णन नाही. आणि मुख्य म्हणजे आपण स्वतः अजून कच्च्या नोकरीत आहात. कच्च्या नोकरीतील कर्मचाऱ्यास अभिलेख नष्ट करण्याचा आदेश देण्याचा अधिकार नसतो. तसा आदेश त्याने दिला आणि पुढे काही निघाले, तर पहिला बळी त्याचाच जातो. हे मी पाहिले आहे.

सबब योग्य मसुदा मीच तयार करून सोबत जोडला आहे. त्यात देवाजीकडून यंत्र पुन्हा उघडवून डिस्कच्या पाठीवरचा क्रमांक ४४१७ उतरवून घेतला आहे. त्यावर आपल्या मालकांची सही व शिक्का घेऊन पाठवावा. मंजुरी येईपर्यंत यंत्र लाल फितीने बांधून गाठीवर लाखेची मोहोर केली आहे.

कचेरी संपली हे खरे आहे. कळावे.

महादेवराव

⁂

नागपूर, १८ नोव्हेंबर

नीला वं,

हे पत्र यांच्या चोरून लिहून राहिले. तुह्या काकाले तू काय लिहिलं ते मी वाचलं. त्यांनी ते दोन दिवस खिशात ठेवलं अन् मले नेहमीसारखं वाचून दाखवलं नाही, तवाच समजली मी. जेवणात ध्यान नाही. काल डब्यांवरच्या चिठ्ठ्या आपल्या हातानं काढून टाकल्या. मले वाटत होतं चिठ्ठ्या गेल्या तं मी पेढे वाटीन, पण मले रडूच आलं.

तुले एक गोष्ट माहीत नाही. तू तवा जन्मली नव्हती. यांची नोकरी नवी होती, एका तालुक्याच्या कचेरीत. उन्हाळ्यात जुने कागद जाळाचं काम निघालं. यादी केली नव्हती. वरच्या बाबूनं म्हणलं, बिनकामाचं आहे सारं, लाव काडी. यांनी लावली. तीन महिन्यांनी तुळसाबाई नावाची एक बाई आली. तिच्या बापानं दोन एकर वावर तिच्या नावानं करून देल्लं होतं अन् भाऊ म्हणत होते, कागद दाखव. तो कागद त्याच ढिगात होता. हे तिले म्हणाले, शोधून राहिलो बाई, पुढच्या मंगळवारी ये. ती बाई वर्षभर दर मंगळवारी यायची अन् म्हातारीवाणी वऱ्हांड्यात बसून राहायची. जाळला असं सांगाची यांची हिंमत झाली नाही. मग एका मंगळवारी ती आली नाही. तवापासून हे घरातली रद्दीबी दोनदा पाहून देतात. आता सांग, ते वाय काहून दाबत नाहीत.

पण तूबी अडचणीत आहेस हे मले समजते. तुह्या सायबासमोर तुही मान खाली नको. म्हणून मी देवाजीले सांगून ठेवलं आहे. उद्या रविवार आहे, हे सकाळी देवळात जातात. तितक्यात देवाजी येऊन बटण दाबून जाईन. यांना मी म्हणीन, आपोआप झालं. तू काळजी करू नको.

तुही काकू, सुभद्रा

⁂

तार
पुणे, २२ नोव्हेंबर

वाय दाबू नका. कोणीही दाबू नका. यंत्राला हात लावू नका. पत्र येत आहे. नीला.

⁂

पुणे, २२ नोव्हेंबर १९८९

ती. काका, काकू,

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या. यमुताईंचा फोन सकाळपासून लागत नाही. तार केली आहे, पण काकूचं पत्र मला आज मिळालं आणि त्यातला रविवार तीन दिवसांपूर्वी होऊन गेला.

झालं ते असं. काका, तुमचा मसुदा मी गंमत म्हणून सरांपुढे ठेवला. सर वाचताना हसत होते. 'सबब' शब्दावर फार हसले. सही करायला पेन काढलं आणि क्रमांकापाशी येऊन थांबले. उठून रजिस्टर काढलं. ४४१७ ही रिकामी डिस्क नाही. ती एका रक्तपेढीची आहे. तुमच्यासारखाच कॉम्प्युटर ते गावोगावच्या शिबिरांना नेतात. तो दुरुस्तीला आला म्हणून त्याची डिस्क काढून आम्ही कपाटात ठेवली होती. तिच्यावर सहा हजार माणसांची नावं, पत्ते आणि रक्तगट आहेत, तीन महिने बसून टाइप केलेले. दोन डिस्का सारख्याच कागदात गुंडाळलेल्या होत्या. मी एक उचलली. क्रमांक वाचला नाही. तुमचं मशीन चकतीशिवाय सुरू झालं ते म्हणूनच. मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही नवीन आहात.

अजून सांगायचं उरलंय. त्या नावांची दुसरी प्रत चार फ्लॉप्यांवर होती. मूळ डिस्क आहेच म्हणून त्या मी पुसल्या आणि तुमची ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्यावरच भरून पाठवली. म्हणजे जगात ती नावं आता फक्त तुमच्या घरातल्या त्या डिस्कवर आहेत. असली तर.

सरांनी आधी कपाट आवरणाऱ्या शिपायाला बोलावलं. तो बिचारा घाबरून गेला, त्याला काहीच माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही असं मी म्हणू शकले असते. क्षणभर मनात आलंच. मग मी म्हटलं, "सर, डिस्क मी नेली. क्रमांक वाचला नव्हता."

सरांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, डिस्क जशीच्या तशी परत आली तर पुढचं बघू, नाही आली तर सामान आवर. काका, तुमची कचेरी संपली असं मी लिहिलं. त्या वाक्याची मला फार लाज वाटते. रविवारी काय झालं ते तारेनं कळवा.

नीला

⁂

तार
नागपूर, २३ नोव्हेंबर

मोहोर शाबूत. वाय दाबलेले नाही. डिस्क घेऊन समक्ष येतो. महादेवराव.

⁂

नागपूर, दि. २५ नोव्हेंबर १९८९

चि. नीला हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आज मिळाले. रविवारची हकीकत मला तुझी तार आल्यावरच कळली. तार वाचून तुझी काकू म्हणाली, मले माफ करा, मी देवाजीले बोलावलं होतं. मी तडक देवाजीचे दुकान गाठले. तो एका ट्रान्झिस्टरचे पोट फाडून बसला होता. म्हणाला, "काका, मी आलो होतो, पण त्याच्यावर लाखेचं सील होतं. सरकारी सील तोडाची आपली हिंमत नाही गा बाप्पा. कोण जाईन आत." काकू त्याला म्हणाली होती, अरे ते सरकारी नाही, घरचंच आहे. पण देवाजी चहा पिऊन निघून गेला. शिक्का माझ्या जुन्या अंगठीचा होता हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.

तेव्हा रक्तपेढीची माणसे सुखरूप आहेत. डिस्क टपालाने पाठवणार नाही. वाडीच्या गोदामाचा मला अनुभव आहे. दि. २८ च्या गाडीचे तिकीट मिळाले आहे. डिस्क देवाजीने काढून दिली, ती काकूच्या जुन्या लुगड्याच्या घडीत बांधून स्टीलच्या डब्यात ठेवली आहे. डब्यावर क्रमांक घातला आहे. या वेळी काकूनेच घालायला सांगितला.

महादेवराव

ता.क. देवाजीनं सील पाहून हात जोडले वं. मी त्याले भित्रा म्हणलं होतं, ते मी परत घेतलं. सुभद्रा.

⁂

पुणे, १ डिसेंबर १९८९

ती. काकू,

काका परवा आले आणि काल रात्रीच्या गाडीनं निघाले, म्हणजे हे पत्र यायच्या आत ते घरी असतील. पण ते तुला सगळं सांगणार नाहीत म्हणून मी सांगते.

स्टेशनवर उतरले तेव्हा डबा छातीशी धरलेला. रात्रभर मांडीवरच ठेवला होता म्हणाले, शेजारच्या प्रवाशाला वाटलं त्यात लाडू आहेत. तसेच ऑफिसात आले. सरांनी हात पुढे केला तर काकांनी डबा मागे घेतला आणि म्हणाले, आधी पोच. सरांनी चिठ्ठीवर पोच लिहिली. काकांनी वाचून परत केली, कारण क्रमांक लिहिला नव्हता. सरांनी दुसरी लिहिली. आमचा शिपाई दारात उभा राहून बघत होता. आमच्या मालकाला कुणी कागद परत केलेला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

डिस्क लावली. पडद्यावर नावं यायला लागली, एकाखाली एक. मी मोजायला घेतलं आणि मला पुढचं दिसेना. काकांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि स्वतः पडद्याकडेच बघत राहिले. मग सरांना म्हणाले, "पोरीनं चूक केली, ते मी नाकारत नाही. पण तिनं ती दुसऱ्यावर ढकलली नाही. चौतीस वर्षांत असे मला दोन-तीनच भेटले. मी त्यांच्यात नव्हतो."

सर पंधरा तारखेला कळवतो एवढंच म्हणाले. काका पुण्यात एकाही ठिकाणी फिरले नाहीत. मी त्यांची माफी मागितली तर म्हणाले, "त्या पत्राची आवक नोंद केलेली नाही. ते मले मिळालंच नाही." काकू, मी आता दिवस मोजते आहे. नोकरी गेली तर मला आणायला पुन्हा त्यांनाच यावं लागेल.

नीला

⁂

पुणे, १५ डिसेंबर १९८९

ती. काका, काकू,

सोबत एका कागदाची नक्कल जोडली आहे. पहिली नक्कल तुम्हाला, दुसरी बाबांना. अचलपूरच्या लोकांना काय सांगायचं ते बाबांनी ठरवावं.

सर म्हणाले, तुला काढलं असतं तर तुझ्या जागी जो आला असता तो क्रमांक न वाचणाराच असता. तू आता जन्मभर वाचशील. आणखी एक. आमच्या ऑफिसात आता एक रजिस्टर आहे. डिस्क पुसायची तर आधी क्रमांक, मग आत काय आहे त्याची यादी, मग सरांची सही, मग दोघांच्या समोर वाय. सगळे त्याला 'काकांचं रजिस्टर' म्हणतात आणि सगळे कुरकुरतात.

वेगळ्या पार्सलनं खरोखर रिकामी डिस्क पाठवली आहे, क्रमांक ५१०२. रिकामी आहे हे तीन जणांनी पाहिलंय. रीतसर आदेश पार्सलमध्येच आहे, जावक क्रमांकासहित, सही सरांची.

तुमची,
नीला
(हुद्दा: प्रोग्रॅमर, कायम)

⁂

नागपूर, दि. २४ डिसेंबर १९८९

चि. नीला हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नियुक्तीची नक्कल मिळाली. तपासली. जावक क्रमांक आहे, तारीख आहे, सही, शिक्का, हुद्दा, सर्व आहे. एकही त्रुटी काढता आली नाही. ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. भाऊ काल काटोलहून आला होता. त्याने ती नक्कल उभ्याने वाचली, मग बसून वाचली, आणि म्हणाला, "पोरगी जमवून राहिली गा." मग म्हणाला, अचलपूरवाल्यांना मी पत्र टाकतो.

डिस्क व आदेश मिळाले. देवाजी व यमुताई यांना पंच म्हणून बोलावले. देवाजीने डिस्क बसवली. या खेपेस दोन स्क्रू उरले. चकती घातली, शब्द टाइप केले, इशारा आला. आदेश मोठ्याने वाचून दाखवण्यात आला व दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी वाय दाबण्यात आले. अर्ध्या तासाने ऑपरेटिंग सिस्टिम बसली. आता यंत्र स्वतःचे कुलूप स्वतः काढते.

मग प्रश्न पडला, यात पहिली नोंद कोणती करायची. काकू म्हणाली, डबे. मी दोन दिवस काहीच केले नाही. तू सरांपुढे जे एका दमात सांगितलेस ते मला तेहतीस वर्षांत जमले नव्हते, हे डोक्यातून जाईना. शेवटी काल बसून एक-एक अक्षर शोधून टाइप केले. यंत्राला मराठी येत नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिले आहे, पण बोल आपलेच आहेत. नोंद क्रमांक एक. तुळसाबाई. वावर दोन एकर, बापाने दिलेले. कागद हरवला नव्हता. तो मी जाळला. तुळसाबाई खरे बोलत होती.

त्या कचेरीत आता माझ्या ओळखीचे कोणी नाही. तरी हेच सगळे हाताने कागदावर लिहून, खाली सही करून, मंगळवारी स्वतः जाऊन देणार आहे. तिचे कोणी असेल तर शोधणार आहे. गावाचे नाव मला पाठ आहे. पोच घेतल्याशिवाय येणार नाही.

महादेवराव

ता.क. नीला वं, 'दाबण्यात आले' असं यांनी लिहिलं, ते मीच दाबलं. आदेश वाचून झाला, पंच बसले, चहा थंडा झाला, अन् यांचं बोट त्या बटणावर तसंच. मी यांचा हात धरला अन् दोघांच्या बोटानं दाबलं. मंगळवारी मी यांच्यासंगं जाऊन राहिले. दोन माणसांच्या भाकरी बांधून घेईन, वऱ्हांड्यात किती वेळ बसा लागते कोण जाणे. सुभद्रा.